बी आणि बेणे : अर्धापूरची केळ आणि नदीकाठचा पॉप्लर



पत्रिकेवर आजचा विषय वाचून दोघातिघांचे मला फोन आले. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हे केळीचं काय मधेच?" शंका रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात कांट आणि शंकराचार्य शिकवले. केळीवर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की मी अर्धापूरचा आहे, आणि अर्धापूरच्या माणसाला केळीवर बोलायला पीएच.डी. लागत नाही. (हशा) पण मला आज जे सांगायचं आहे त्यात थोडं तत्त्वज्ञान आहे, बराचसा इतिहास आहे, आणि शेवटी आपल्या सगळ्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आणि श्वेतकेतू यांचा संवाद आहे. बाप मुलाला म्हणतो, वडाचं एक फळ आण. आणलं. फोड. फोडलं. काय दिसतं? बारीक बारीक बिया. त्यातली एक फोड. काय दिसतं? काहीच नाही. मग बाप सांगतो, की बाबा रे, तुला जे दिसत नाही त्यातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. मी हा प्रसंग कितीतरी वर्षं शिकवला. एकदा बी.ए.च्या वर्गात मागच्या बाकावरून एक पोरगा उठला, आपल्याच भागातला, आणि म्हणाला, "सर, उद्दालकाने केळ आणायला सांगितली असती तर?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो. घरी येताना आसना नदीच्या पुलावर माझ्या लक्षात आलं की पोराने फार मोठा प्रश्न विचारला आहे. केळ फोडली तर बी नाही. मधोमध काळे ठिपके दिसतात, ते बी व्हायचं राहून गेलेलं आहे. संवाद तिथेच संपला असता.

मग जगभर ही जी केळ पसरली ती कशी? तुम्हाला माहीत आहे. मुनव्यांनी. कंदाच्या कडेला पिलं फुटतात, ती कुदळीने काढायची आणि दुसरीकडे लावायची. आपल्या भाषेचं मला इथे फार कौतुक वाटतं. मराठीत 'बी' किंवा 'बियाणं' हा एक शब्द आहे आणि 'बेणं' हा दुसरा. ज्वारीचं बियाणं असतं, उसाचं बेणं असतं. हळदीचंही बेणंच असतं. एखादा माणूस इरसाल निघाला तर आपण म्हणतो, "काय बेणं आहे!" त्याला कोणी "काय बियाणं आहे" म्हणत नाही. जे मुळातल्यासारखंच्या मुळातल्यासारखं, त्यात काहीही फरक न होता पुढे येतं, ते बेणं. शेतकऱ्याने हा भेद शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ओळखला होता आणि त्याला शब्दही दिला होता.

बी म्हणजे काय? आई आणि बाप दोघांकडून निम्मं निम्मं घेऊन, पत्ते पिसावेत तसं पिसून तयार झालेला एक नवा डाव. बेण्यात पत्ते पिसलेच जात नाहीत. तोच डाव पुन्हा वाटला जातो. आता अर्धापूरची शिवारं डोळ्यांपुढे आणा. केळी, ऊस, हळद. आपली तिन्ही पैशाची पिकं बेण्याची आहेत. यातली केळ आणि हळद तर अशी, की त्यांना बी धरायचं जवळपास येतच नाही. ही गोष्ट मला वयाच्या साठीनंतर कळली आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. का ते पुढे सांगतो.

आधी जरा लांब जाऊन येऊ. युरोपात नद्यांच्या काठी पॉप्लर नावाचं झाड असतं. आपल्याकडे कोणी फारसं पाहिलेलं नाही, पण त्याचं लाकूड तुमच्या हातात येऊन गेलेलं आहे. आगपेटीच्या काड्यांसाठी उत्तर प्रदेशच्या तराईत आणि पंजाबात शेताच्या बांधावर हेच झाड लावतात. काश्मीरला गेलेल्यांनी रस्त्याच्या दुतर्फा सरळसोट उंच झाडं पाहिली असतील, सफेदा म्हणतात, तेही याच कुळातलं. नदीकाठच्या काळ्या पॉप्लरचं जगणं मोठं विलक्षण आहे. नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. मादीला कापसासारखं बी येतं, वाऱ्यावर आणि पाण्यावर दूरवर जातं. पण ते बी फार दिवस जिवंत राहत नाही. नदीला पूर येऊन गेला पाहिजे, पुराने ताजा ओला गाळ काठावर टाकला पाहिजे, त्यावर दुसरं काही उगवलेलं नसलं पाहिजे, आणि नेमकं त्याच दिवसांत बी तिथे पडलं पाहिजे. एवढं सगळं जुळलं तर रोप. म्हणून नदीकाठच्या पॉप्लरांत विविधता अमाप असायची. वरच्या अंगाच्या गावातली बी खालच्या अंगाला, एका काठाची दुसऱ्या काठाला. नदी हीच त्यांची सोयरीक जमवणारी.

मग गेल्या दोनशे वर्षांत काय झालं? ऱ्हाइनसारख्या नद्या सरळ केल्या, बांध घातले, धरणं बांधली. पूर थांबले, ताजा गाळ थांबला. म्हातारी झाडं उभी राहिली पण पोरं होईनात. दुसरीकडे माणसाला पॉप्लर हवाच होता, लाकडासाठी. मग त्याने काय केलं? छाटकलमं. पॉप्लरची फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की लागते, आपल्या शेवग्यासारखी. चांगलं एक झाड निवडा आणि त्याच्याच फांद्या हजारो जागी लावा. लोम्बार्डी पॉप्लर म्हणून जो खराट्यासारखा उंच पॉप्लर प्रसिद्ध आहे तो इटलीतून अठराव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडकडे गेला. तो नर आहे, आणि फांद्याफांद्यांनीच जगभर गेला. मादीचा कापूस घरात येतो, नाकात जातो, म्हणून इंग्लंडातही लोकांनी नरच लावले. काश्मिरात २०१५ साली उच्च न्यायालयाने मादी पॉप्लर तोडण्याचा आदेश दिला होता, ते याच कापसापायी. गंमत म्हणजे तिथे त्या झाडाला 'रशियन पॉप्लर' म्हणतात आणि झाड आहे अमेरिकेचं. असो. तर नर तेवढे ठेवायचे, माद्या काढायच्या, आणि मग विचारायचं की नवी झाडं का उगवत नाहीत! १९९० च्या दशकात युरोपातल्या देशांनी एकत्र येऊन काळ्या पॉप्लरची उरलीसुरली विविधता टिकवण्याचं काम हाती घेतलं, तोवर बऱ्याच नद्यांच्या काठी जुनी म्हातारी झाडं आणि कलमांच्या रांगा एवढंच उरलं होतं.

पॉप्लरचा आणखी एक भाऊबंद आहे, अमेरिकेत युटा राज्यात. तिथे त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर एकर नव्हे, चांगलं शंभर एकरांहून मोठं एक बन आहे. सत्तेचाळीस हजारांच्या आसपास खोडं. बाहेरून बघणाऱ्याला जंगल दिसतं. १९७० च्या दशकात अभ्यासकांच्या लक्षात आलं की हे सगळं मुळांतून फुटलेलं एकच झाड आहे. खाली मूळ एक, वर खोडं हजारो. त्याला पुढे 'पांडो' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी पसरतो'.

तत्त्वज्ञानाच्या माणसाचा कान इथे टवकारतो. एक म्हणजे काय आणि अनेक म्हणजे काय? लायब्निझ नावाचा जर्मन तत्त्वज्ञ होता. त्याचं म्हणणं, जगात दोन वस्तू अगदी हुबेहूब सारख्या असूच शकत नाहीत. असत्या तर त्या दोन नसत्या, एकच असती. १७१६ च्या एका पत्रात त्याने किस्सा सांगितला आहे. राजकन्या सोफीच्या बागेत एका हुशार गृहस्थाने पैज घेतल्यासारखं म्हटलं, मी दोन सारखी पानं शोधून दाखवतो. बिचारा सगळी बाग हिंडला. सापडली नाहीत. मला नेहमी वाटतं, त्या गृहस्थाला अर्धापूरला आणायला हवं होतं. पानं तर त्याला इथेही सारखी मिळाली नसती, कारण वारा प्रत्येक पान वेगळं फाडतो. पण पानाच्या आत, पेशीत, जी कुंडली लिहिलेली असते ती या बागेपासून त्या बागेपर्यंत जवळपास एकच. पाच बाय पाच फुटांवर लावली तर एकरी १,७४२ झाडं होतात. ही १,७४२ झाडं आहेत की एकच झाड १,७४२ जागी उभं आहे? पांडोची खोडं निदान मुळांनी जोडलेली आहेत. आपल्या केळीची मुळं तुटली, एवढाच फरक.

आता केळीला बी का नाही ते सांगतो. रानकेळीला बी असतं. मिरीएवढं, टणक, आणि फळात इतकं गच्च भरलेलं की खायला गर उरतच नाही. आग्नेय आशिया आणि न्यू गिनी या पट्ट्यात हजारो वर्षांपूर्वी माणसांनी त्यातली कमी बियांची झाडं उचलली, होड्यांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेली. तिथे वेगळ्या जातीच्या रानकेळींशी त्यांचा संकर झाला, आणि त्यातून काही झाडं अशी निपजली की त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच आले. अकरा-अकरा-अकरा, एकूण ३३. आता फुगडी आठवा. फुगडी दोघींची होते. तिसरी आली की कोणाचा हात कोणाच्या हातात द्यायचा? बी तयार होताना गुणसूत्रांना अशीच जोडी लावावी लागते. तीन संचांत ती जुळत नाही, म्हणून बी धरत नाही. फळ मात्र फुगतं आणि गोड होतं. माणसाला तेच हवं होतं. सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी १९५५ साली केळीच्या जातींची या संचांवरून वर्गवारी लावून दिली, ती अजून वापरतात.

ज्ञानी लोकांचं आणि केळीचं नातंही जुनंच. रोमन लेखक प्लिनीने भारतातल्या एका फळाविषयी लिहिलं आहे की तिथले ज्ञानी लोक त्यावर राहतात, आणि ती केळच असावी असं मानतात. त्यावरूनच लिनियसने केळीच्या एका जातीला 'ज्ञान्यांची केळ' अशा अर्थाचं लॅटिन नाव दिलं. बौद्ध वाङ्मयात मात्र केळीचा दाखला उलटा येतो. संयुत्त निकायात बुद्धांनी म्हटलं आहे, की कोणी गाभ्याचं लाकूड शोधायला केळीचं खोड तोडलं आणि एकेक सोपट सोलत गेला तर त्याला गाभा सापडणारच नाही. संस्कारही तसेच, आत सार नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर आहे. आपण ज्याला केळीचं खोड म्हणतो ती पानांच्या देठांची गुंडाळी आहे. खरं खोड जमिनीत असतं, तो कंद. आणि तो कंदच बेणं.

आता मुख्य इतिहासाकडे येतो. एकोणिसाव्या शतकात केळ हे जागतिक व्यापाराचं फळ झालं, ते एकाच वाणाच्या जोरावर. त्याचं नाव ग्रो मिशेल. आग्नेय आशियातून फ्रेंच लोकांनी ते मार्टिनिकला नेलं, तिथून १८३५ च्या सुमारास जमैकाला गेलं, आणि मग सगळ्या मध्य अमेरिकेत. जाड सालीचं, प्रवासाला टिकाऊ, घड सुबक. कंपन्यांनी रेल्वे टाकल्या, बंदरं बांधली, सरकारं पाडली. जंगलं तोडून मैलोन्‌मैल एकच वाण, एकच बेणं.

आणि मग मर रोग आला. जमिनीतली एक बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. खालची पानं पिवळी पडून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात. खोड कापलं तर आत तांबूस-तपकिरी रेघा. ऑस्ट्रेलियात १८७४ ला तिची पहिली नोंद झाली, पण नाव पडलं 'पनामा रोग', कारण खरा धिंगाणा तिकडे घातला. औषध नाही. जमिनीत बुरशी एकदा बसली की दशकानुदशकं राहते. कंपन्या बागा सोडून पुढे जंगल तोडायच्या, नवी बाग लावायच्या. आणि ज्या बेण्यातून नवी बाग, त्याच बेण्याला चिकटून रोगही पुढे जायचा. हे अर्धं शतक चाललं. १९६० च्या दशकापर्यंत व्यापारातून ग्रो मिशेल जवळजवळ संपली. हे फक्त केळीचंच नाही. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं असंच झालं. तिथे एकाच वाणाचा बटाटा हे गरिबाचं मुख्य अन्न होतं, आणि सुमारे दहा लाख माणसं मेली.

ग्रो मिशेलची जागा घेतली कॅव्हेंडिशने. ही कथा रंजक आहे. मूळ दक्षिण चीनकडचं हे झाड मॉरिशसहून १८२९ ला इंग्लंडला पोचलं, आणि काही वर्षांनी डेव्हनशायरच्या ड्यूककडे चॅट्सवर्थच्या काचघरात गेलं. तिथला माळी जोसेफ पॅक्स्टन. १८३५ च्या नोव्हेंबरात त्याच्या झाडाला केळफूल आलं. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून केळीचं नाव कॅव्हेंडिश. एक माळी कष्ट करतो आणि नाव मालकाचं लागतं, ही परंपरा जुनी आहे. (हशा) तिथून जॉन विल्यम्स या मिशनऱ्याने रोपं सामोआला नेली आणि पुढे पॅसिफिकच्या बेटांवर ती पसरली. या केळीला पनामा रोगाची त्या वेळची बुरशी लागत नव्हती. जगाला हायसं वाटलं.

आपली बसराई याच कॅव्हेंडिश गटातली. अर्धापुरी नावाने जो वाण ओळखला जातो तोही याच गटातला. आणि आता जी सगळीकडे आहे ती ग्रँड नैन, जिला आपण जी-नाईन म्हणतो, तीही कॅव्हेंडिशच. अर्धापूरची केळ त्या ड्यूकच्या काचघरातून आली असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की बसराई, अर्धापुरी, जी-नाईन ही नावं वेगळी असली तरी ती एका आईच्या पोटचीसुद्धा नाहीत; ती एकच आई आहे, कुठे थोडी बुटकी, कुठे थोडी उंच. बेणं पुढे जाताना क्वचित एखादा बारीक बदल होतो, शेतकरी तो हेरतो, त्याचंच बेणं वेगळं ठेवतो, आणि वाण तयार होतो.

माझ्या लहानपणी, म्हणजे हैदराबाद संस्थान जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हा, आमच्या विहिरीवर मोट होती. मोटेच्या पाण्यावर केळी ती किती होणार? वडिलांची अर्ध्या एकराची बाग. मुनवे त्यांनी मामाच्या गावाहून बैलगाडीत आणले होते, वरून ओलं पोतं टाकून. ते कंद कसे निवडायचे हे वडील मला दाखवत: तलवारीसारख्या अरुंद पानाचा मुनवा घ्यायचा, रुंद पानाचा पाणपिला टाकायचा. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर एक वेगळीच देशी केळ होती, आखूड, पातळ सालीची, किंचित आंबूस. ती विकायची नव्हती, ती आम्हा पोरांची. ती कधी गेली ते घरात कोणालाच आठवत नाही.

पुढे पैनगंगेवर इसापूरचं धरण झालं, कालवे आले आणि शिवार पालटलं. मृगबाग, कांदेबाग, पिलबाग हे शब्द लहान पोरांच्या तोंडी आले. दिल्लीपर्यंत ट्रक जायला लागले. मी कोरडवाहू मराठवाड्यातल्या गावांत फिरलो आहे, टँकरच्या रांगा पाहिल्या आहेत. इसापूरच्या पाण्याने या तालुक्याला काय दिलं ते मला माहीत आहे. पण बघा, गंमत कशी आहे. युरोपात नद्या अडवल्या म्हणून नदीकाठची विविध झाडं गेली. इथे नदी अडवली म्हणून एकच झाड लाखोंनी आलं. पाणी अडवलं की एकसारखेपणा येतो, असा काही सिद्धान्त मी मांडत नाही, तसा तो होणारही नाही. पण दोन्हीकडे गणित एकच होतं. खात्रीचं तेवढं वाढवायचं आणि बाकीचं सोडून द्यायचं.

नव्वदच्या दशकात ऊतिसंवर्धित रोपं आली. एका निरोगी झाडाच्या कोंबाच्या टोकाचा कण काचेच्या बाटलीत वाढवायचा आणि त्याची हजारो रोपं करायची. मी याच्या विरोधात बोलायला आलेलो नाही. मुनव्यांबरोबर सूत्रकृमी यायचे, सोंडकिडा यायचा, विषाणू यायचे. ते बाटलीतल्या चांगल्या रोपांत येत नाहीत. बाग एकसारखी निसवते, घड एकदम कटाईला येतात, व्यापारी एका फेरीत बाग रिकामी करतो. शेतकऱ्याला हेच हवं. मात्र रोप कुठून घेतलं याला फार महत्त्व आलं. माझ्या धाकट्या भावाने एका रोपवाटिकेतून रोपं आणली, नाव घेत नाही, आणि निम्म्या बागेवर विषाणूचे पट्टे निघाले. उपटून जाळावी लागली. ज्या कोंबात खोट होती त्या एका कोंबाची हजारो पोरं झाली होती. बेण्याचा गुण हजारपट होतो आणि दोषही हजारपट होतो.

करपा तुम्ही रोजच बघता. त्याचं इंग्रजी नाव सिगाटोका, फिजी बेटावरच्या सिगाटोका खोऱ्यावरून, तिथे १९१२ च्या सुमारास त्याचा मोठा उद्रेक झाला होता. आता फवारणीशिवाय बाग हातात राहत नाही. सगळी झाडं सारखी, म्हणून एकाला लागतो तो सगळ्यांना लागतो.

आणि आता माझी झोप उडाली होती ते सांगतो. ज्या कॅव्हेंडिशला पनामा रोग लागत नाही म्हणून जगाने तिला जवळ केली, तिलाही तो लागायला लागला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तैवानमध्ये त्या बुरशीचा नवा प्रकार दिसला. तिचा उष्ण प्रदेशातला जो वाण आहे त्याला टीआर-फोर म्हणतात. १९९० च्या दशकात इंडोनेशिया, मलेशिया, ऑस्ट्रेलिया. २०१३ ला जॉर्डन आणि मोझांबिकमधून बातमी. २०१९ ला कोलंबिया. आपल्या देशात गेल्या दशकात बिहारच्या कटिहार भागात आणि उत्तर प्रदेशात तो सापडला. तो येतो कशाने? बेण्याने. बुटाला लागलेल्या मातीने. ट्रॅक्टरच्या चाकाने. आणि पाटाच्या पाण्याने. कालवा एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग यातून वाट कोणी काढली? तैवानच्या लोकांनी एक गोष्ट केली. ऊतिसंवर्धनाच्या हजारो रोपांत काही रोपं बिघडलेली निघतात, वेडीवाकडी. ती फेकून देण्याऐवजी त्यांनी रोगट जमिनीत लावून बघितली आणि त्यातली काही तग धरणारी निघाली. कारखान्यात ज्याला खोट म्हणतात तीच इथे उपयोगी पडली. ऑस्ट्रेलियात जेम्स डेल यांच्या गटाने रानकेळीतलं एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घातलं. त्या केळीला २०२४ ला तिथे परवानगी मिळाली. ते जनुक आलं कुठून? खाता न येणाऱ्या, बियांनी गच्च भरलेल्या मलेशियाकडच्या रानकेळीतून. पत्ते पिसणं तिथे अजून चालू होतं, म्हणून ते पान हाताला लागलं. बेण्याला अडचण आली की बीकडेच जावं लागतं. आपल्याकडे तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे, बेल्जियममध्ये ल्युव्हेनला दीड हजाराहून जास्त केळी-नमुने बाटल्यांत जपले आहेत. नांदेडला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे, ते तर आपल्या दारातच.

जाता जाता एक निरीक्षण. आपल्या नदी-ओढ्यांच्या काठी कोयीपासून आलेले गावरान आंबे होते. प्रत्येक झाडाला नाव होतं: शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोटी. कोय लावली तर आईसारखा आंबा येत नाही, म्हणून प्रत्येक झाड हे वेगळं माणूसच. घराच्या वाटण्या झाल्या तरी "शेप्या थोरल्याकडे, गोटी धाकट्याकडे" अशी वाटणी व्हायची. केळीच्या झाडाला कोणी कधी नाव ठेवलेलं मी ऐकलं नाही. ठेवणार तरी काय? आता त्या आंब्यांचे बुंधे वीटभट्टीला गेले आणि बांधावर केशरची कलमं आली. केशर मलाही आवडतो. पण कलम हेही बेणंच.

एवढं बोलून थांबलो असतो, पण मघाशी चहाच्या वेळी एका तरुण शेतकऱ्याने विचारलं, "सर, ते सगळं खरं, पण आम्ही लावायचं काय? बाजार जी-नाईनच मागतो." त्याला मी जे सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो. जी-नाईन लावा, कारण कर्ज आहे, पोरांच्या फिया आहेत. विषाणूची तपासणी झालेलीच रोपं घ्या आणि पावती जपून ठेवा. बाहेरच्या राज्यातून कोणी कितीही चांगले म्हणून कंद आणले तरी आपल्या शिवारात येऊ देऊ नका. कटाईची टोळी दुसऱ्या बागेतून आली असेल तर कोयते आणि बूट धुवायला लावा. हसतील, हसू द्या. खालची पानं अशी घागऱ्यासारखी लोंबलेली दिसली आणि कापल्यावर आत तांबूस रेघा दिसल्या, तर झाड उपटून बांधावर टाकू नका, पाट वळवा आणि संशोधन केंद्राला फोन करा. आणि बांधाच्या कोपऱ्यात, जिथे ठिबकची नळी संपते, तिथे जुन्या अर्धापुरीचे चार कंद आणि कुठे मिळाली तर एखादी वेलची, एखादी राजेळी लावून ठेवा. त्याचे पैसे होणार नाहीत.

माझ्या भावाने यंदा असे सहा कंद लावलेत. त्यातल्या एकाला, घरामागच्या त्या जुन्या केळीसारखी आखूड फणी येईल असं त्याला वाटतंय. मला खात्री नाही. दिवाळीनंतर निसवेल तेव्हा कळेल.